उत्तर फाटकातून आत गेलेली गाडी

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. उत्तर फाटकापाशी फाटकबाई उकिडव्या बसून सायकलच्या दिव्याच्या उजेडात खडी बघत होत्या. फाटकाचा आडवा दांडा वर उचललेला होता. कुलूप फोडलेलं नव्हतं. ते रीतसर उघडून, हरवू नये अशा बेताने, कडीला अडकवून ठेवलेलं होतं. आदल्या संध्याकाळी दाताळ्याने ओढून सारखा केलेला बारीक खडीचा पट्टा दोन चाकोऱ्यांनी चिरला होता. चाकोऱ्या आत जंगलाकडे गेल्या होत्या. परत आल्या नव्हत्या.

“जा, जा. येशील ना ह्याच वाटेने,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी दिवा विझवला. सायकल अवजारांच्या खोलीमागे ढकलली, एक घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसून राहिल्या.

फाटकबाई हे नाव सायकलवाल्यांनी दिलेलं. तलाव समितीच्या कागदावर त्या ‘मार्ग राखणदार’ आहेत. वय एकोणपन्नास, आवाज खणखणीत, आणि स्वभावाबद्दल समितीच्या अध्यक्षांचं मत असं, की बाईंना बैठकीला बोलवावं लागत नाही, थांबवावं लागतं. त्यांच्या ताब्यात आहे तो तीन तलावांच्या काठाने जंगलातून जाणारा खडीचा रस्ता. एका टोकाला गाव आणि उत्तर फाटक, दुसऱ्या टोकाला तिसऱ्या तलावावरचं हॉटेल आणि दक्षिण फाटक. मधे चौदा किलोमीटर, आणि डाव्या-उजव्या हाताला फुटलेल्या वाटा धरल्या तर दिवसभर फिरता येईल इतका. पूर्वी इथून लाकडाचे ट्रक जायचे. तोड थांबली तेव्हा समितीने दोन्हीकडे फाटकं लावली, सायकल जाईल एवढी फट बाजूला ठेवली आणि एंजिन असलेल्या प्रत्येक वस्तूला मज्जाव केला. तेव्हापासून लांबलांबून लोक रुंद टायरच्या सायकली घेऊन येतात. का येतात विचारलं तर सगळे एकच सांगतात: मागून हॉर्न येत नाही.

हे ऐकायला बरं वाटतं. राखायला वेगळं वाटतं. पावसाने चर बुजतात, ते मोकळे करायचे. मोऱ्यांत पानं अडकतात, ती हाताने काढायची. वळणावर चाकं घासून खडी कडेला जाते, ती पुन्हा मधे ओढायची. बाईंची तक्रार या कामाबद्दल नाही. माणसांबद्दल आहे. ‘वाहनांना बंदी’ ही पाटी वाचून जीपवाले काच खाली करतात आणि विचारतात, “पण जीपला चालतं ना?” फोनमधला नकाशा सांगतो म्हणून एक जण सामानाचा टेम्पो घेऊन आला आणि फाटक दिसत असूनही नकाशावर विश्वास ठेवायला तयार होईना. शांततेसाठी आलेले सायकलवाले खिशातल्या फोनवर गाणी लावून जातात. आणि गेल्या महिन्यात एकाने अभिप्रायाच्या पेटीत चिठ्ठी टाकली, की रस्ता उत्तम आहे, फक्त खडी फार आहे.

“खडीच्या रस्त्यावर खडी फार आहे,” बाईंनी ती चिठ्ठी अध्यक्षांसमोर वाचून दाखवली होती. “आता तलावात पाणी फार आहे अशी येईल. तीही माझ्याच माथी मारा.”

अध्यक्ष दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं असताना आपण गप्प राहायचं, ही त्यांची सवय बैठकीतही टिकून आहे.

खरी कटकट या मोसमात सुरू झाली. पहाटे दुसऱ्या तलावाच्या वळणावर एका सायकलस्वाराला समोरून गाडी आली. दिवे बंद. तो वाचला. पंधरवड्याने आणखी एकाला तीच गाडी तिथेच भेटली. तो सायकलसकट चरात गेला आणि कोपर सोलून घेऊन वर आला. पांढरी गाडी, एवढंच दोघांनी सांगितलं. समितीचा नियम स्पष्ट आहे. एका मोसमात दोनदा वाहन आढळलं, तर बंदी ठेवायची की रस्ता सरळ गाड्यांना खुला करायचा, यावर मतदान. मतदान शुक्रवारी होतं. रस्ता खुला झाला तर राखणदाराचं काहीच काम उरत नाही, आणि सायकलवाल्यांचंही.

बाईंनी गुन्हेगार केव्हाच ठरवून टाकला होता. त्यांचं गणित सोपं होतं. उत्तर फाटकाशी त्या रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी खडीचा पट्टा दाताळ्याने ओढून ठेवतात आणि सकाळी सव्वासहाला आल्यावर आधी तो वाचतात. ससा, कुत्रं, रात्री परतलेला एखादा सायकलवाला, सगळं त्यावर उमटतं. दोन्ही तक्रारींच्या सकाळी पट्टा स्वच्छ होता. म्हणजे गाडी त्यांच्या फाटकातून गेलेली नव्हती. म्हणजे ती दक्षिणेकडून आलेली होती. दक्षिण फाटकाची एक किल्ली अडीअडचणीसाठी हॉटेलकडे असते. हॉटेलची गाडी पांढरी.

हे सगळं त्यांनी भर बैठकीत, हॉटेलच्या मॅनेजरकडे बोट दाखवून सांगितलं. मॅनेजरही समितीचा सभासद. तो म्हणाला, “आमची गाडी नाही.” बाई म्हणाल्या, “चोराच्या मनात चांदणं.” मॅनेजर म्हणाला, “मग एकदाचा खुलाच करा रस्ता, म्हणजे चोरही नको आणि चांदणंही नको.” आणि तशी मागणी त्याने केली. मतदानात चुरस आली ती तेव्हापासून.

त्या पहाटे बाई लवकर निघाल्या त्या दक्षिण फाटकापर्यंत सायकलने जाऊन मॅनेजरला रंगेहाथ पकडायला. आणि पाहतात तर त्यांचंच फाटक उघडं, त्यांचाच पट्टा चिरलेला.

घमेल्यावर बसल्या बसल्या त्यांनी हिशेब पुन्हा मांडला. उत्तर फाटकाला आकड्यांचं कुलूप आहे, चार आकडी. आकडे दोघांनाच माहीत: त्या स्वतः आणि समितीचा कारकून. म्हणजे कारकून फुटला. कारकुनाला काय काय सुनवायचं ते त्यांनी क्रमवार ठरवलं. मधे तलावावर उजाडायला लागलं. पाणकोंबड्या बोलू लागल्या.

सहाला दहा कमी असताना झाडांतून गाडीचा आवाज आला. दिवे बंद. फाटक ओलांडून गाडी बाहेर थांबली. पांढरी व्हॅन, मागच्या दारावर बेकरीचं चित्र. आतून एक माणूस उतरला, त्याने दांडा खाली केला, कुलूप लावलं आणि त्याचे आकडे अंगठ्याने विस्कटले. मग तो खोलीच्या भिंतीपाशी आला, तिथे टेकवलेलं दाताळं उचललं आणि पट्टा ओढायला लागला. आधी आडवा. मग उलट पावली मागे येत, स्वतःच्या पावलांच्या खुणा पुसत, कडेपर्यंत.

बाई त्याचं काम पूर्ण होईपर्यंत बोलल्या नाहीत. काम चांगलं होत होतं.

“अहो,” मग त्या म्हणाल्या.

दाताळं हातातून पडलं. बेकरीची व्हॅन चालवणारे त्यांचे यजमान जागच्या जागी वळले.

“अगं! केवढा दचकलो. इथे काय करतेस तू?”

“मी? मी इथे काय करते?” बाई घमेल्यावरून उठल्या. “मी इथे नोकरी करते. तुम्ही काय करताय?”

“पाव पोचवून आलो.”

“कुठून?”

यजमानांनी फाटकाकडे पाहिलं. फाटकाकडे पाहून सुटका होत नाही हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. “इथून,” ते म्हणाले.

“कारकुनाने नंबर दिला ना? थांबा, बघतेच त्याला.”

“त्या बिचाऱ्याला कशाला मधे आणतेस. नंबर कुणी कशाला द्यायला हवा? आपल्या लग्नाची तारीख आहे ती.”

यावर बाई पुन्हा घमेल्यावर बसल्या. त्यांच्या ओळखीतल्या कुणीही त्यांना बोलणं अर्धवट टाकून बसताना पाहिलेलं नाही. नंबर ठरवताना त्यांनी मुद्दाम ती तारीख निवडली होती. गेल्या चोवीस वर्षांत यजमानांना ती एकदाही आठवलेली नव्हती, आणि घरातल्या माणसाला जे आठवत नाही ते कुलपाला सर्वांत सुरक्षित, असा त्यांचा विचार होता.

“तुम्हाला तारीख माहीत आहे?”

“माहीत नसायला काय झालं? माझंही लग्न त्याच दिवशी झालं.”

“मग दरवर्षी तोंडात मिठाची गुळणी धरून का बसता?”

“आठवली म्हटलं की काहीतरी करावं लागतं,” यजमान म्हणाले. “विसरलो म्हटलं की तू दोन दिवस बोलत नाहीस. मला ते परवडतं.”

बाईंनी उठून दाताळं उचललं. यजमान एक पाऊल मागे सरकले, पण बाईंनी ते फक्त भिंतीला लावलं.

“कधीपासून चाललंय?”

“हॉटेलने वेळ बदलली तेव्हापासून. मॅनेजर म्हणाला, पाहुण्यांना सहाला न्याहारी हवी. सायकलवाले लवकर निघतात. पाव गरम हवा, नाहीतर परत. भट्टीतून पाव निघतो पावणेपाचला. धरणाच्या रस्त्याने जायला दीड तास. पाव पोचेपर्यंत त्याची वीट होते. इथून पंचवीस मिनिटं, दक्षिण फाटकाशी गाडी लावून ट्रे सायकलच्या फटीतून हाताने नेतो. तूच सांग.”

“मी काय सांगू? मी वाहनबंदीच्या फाटकावर बसते! दिवे का बंद?”

“लावले तर दिसतील ना.”

“माणूस चरात पडला, अहो!”

“मी थांबलो होतो. काच खाली करून ऐकलं. उठला, मला शिव्या दिल्या, माझ्या आईला दिल्या. म्हटलं, बरा दिसतोय. मग निघालो.”

“आणि हे?” बाईंनी पट्ट्याकडे हात केला. “चोवीस वर्षांत घरात केरसुणीला हात लावला नाहीत. अंगण झाडा म्हटलं की कंबर धरते. आणि इथे अंधारात दाताळं? ते कुणी शिकवलं?”

“तूच. रोज जेवताना सांगतेस. आधी आडवं, मग उलट पावली, कडेला शेवटचा हात हलका.” यजमान पट्ट्याकडे बघत म्हणाले, “तुम्ही ऐकत नाही म्हणतेस ना मला. ऐकतो.”

हा युक्तिवाद बाईंना आजतागायत पटलेला नाही. त्यांनी यजमानांना धरणाच्या रस्त्याने कायमचं जायला सांगितलं, कुलूप स्वतःच्या हाताने पुन्हा ओढून पाहिलं आणि मुलीला फोन केला. मुलगी शहरात परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून नुकतीच खोलीवर आली होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं: गाडी, चर, मतदान, मॅनेजरवर घेतलेला आळ.

मुलगी सगळं ऐकून म्हणाली, “म्हणजे बाबांना तारीख माहीत होती?”

“मी काय सांगतेय आणि तू काय विचारतेस!”

“नाही, पण आई, माहीत होती?”

बाईंनी फोन ठेवला. बापलेक एकाच माळेचे मणी, असं त्या फाटकाला म्हणाल्या आणि सायकलवर बसल्या.

बाईंची सायकल जुनी, दणकट, पुढे करवत आणि कोयता ठेवायची टोपली. तिच्यावर बसून त्या रस्त्याने जाताना ऐकू येतो तो फक्त टायरखाली खडी दाबली जाण्याचा आवाज. कोरड्या जागी करकर, सावलीतल्या ओल्या जागी मऊ. पहिल्या तलावाला रस्ता पाण्याच्या इतका जवळून जातो की काठावरच्या बदकांना उठावंसं वाटत नाही. मग चढ, उंच झाडं, आणि उतारावर दुसरा तलाव एकदम समोर येतो. त्या उतारावर सायकलवाले ब्रेक सोडतात आणि ओरडतात, आणि एरवी बाई त्यांना ओरडतात. त्या दिवशी उतारावर कुणी नव्हतं. बाई वळणाशी उतरल्या. चराची कड ढासळली होती. माणूस पडला ती जागा स्पष्ट दिसत होती, आणि त्याच्या पलीकडे व्हॅन थांबली होती ती जागाही. हे त्यांनी आधी का पाहिलं नव्हतं? पाहिलं होतं. दोन्ही तक्रारींनंतर त्या इथे येऊन गेल्या होत्या आणि चाकोऱ्या दोन्ही दिशांना जाताना पाहून म्हणाल्या होत्या, की बघा, हॉटेलातून निघाला आणि हॉटेलात परत गेला.

तिथून पुढे त्यांना काय सांगायचं ते कळेना. प्रश्न असा होता. तोंड मिटून घ्यावं, तर गाडी आजपासून बंद होणारच होती. यजमानांची काय बिशाद. पण मतदान दोन तक्रारींवरच होणार होतं, गाडीचा पत्ता लागला नाही म्हणून निम्मे सभासद बंदीला कंटाळले होते, आणि मॅनेजर चिडून रस्ता खुला करायच्या बाजूला होता. तोंड उघडावं, तर ज्या भर बैठकीत त्यांनी मॅनेजरला चोर म्हटलं होतं त्याच बैठकीत उभं राहून स्वतःच्या नवऱ्याचं नाव घ्यायचं. शिवाय हॉटेल हे बेकरीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी गत.

हॉटेलच्या मागच्या दाराशी मॅनेजर पावाचे रिकामे ट्रे मोजत उभा होता.

“या,” तो म्हणाला. “आज कुठला गुन्हा केला आम्ही?”

“तुमची गाडी नव्हती,” बाई म्हणाल्या. सायकलवरून उतरल्याही नव्हत्या. “बेकरीची होती. आमच्या ह्यांची. माझ्याच फाटकातून. मी चुकले.”

मॅनेजरने ट्रे खाली ठेवला. “परत म्हणा.”

“एकदा म्हटलं तेवढं पुरे. शुक्रवारी सगळ्यांसमोर म्हणणार आहे, तेव्हा ऐका.” मग त्यांनी श्वास घेतला. “पण एक सांगा. पाव सहाच्या आत कढत येत होता. धरणाच्या रस्त्याने तो कसा येईल, हे तुम्हाला कधी वाटलं नाही?”

“वाटलं,” तो म्हणाला. “विचारलं नाही. गरम पावाला कोण प्रश्न विचारतं? आणि तुम्ही मला चोर म्हटल्यावर तर मुळीच विचारणार नव्हतो.”

“छान. माणूस चरात जाऊ दे, तुमचा राग राहू दे.”

“तुमचा नवरा चालवत होता, बाई. मी नाही.”

“ते घरी बघते मी. तुम्ही न्याहारीचं बघा. सहाला कशाला हवी?”

“पाहुणे मागतात. चरात पडलेला तो, आमचा नेहमीचा पाहुणा, तोच सर्वांत आधी मागे लागला होता. गाड्या नसलेल्या रस्त्यावर सूर्योदय बघायचा म्हणे, मग सहाला येऊन खायचं.”

“म्हणजे पडल्यावर इथे परत आला?”

“आला. कोपराला पट्टी बांधली, चार गरम पाव खाल्ले आणि मग कागद मागितला.”

बाईंनी कपाळावर हात मारला. “तोंडात पाव आणि हातात तक्रार. त्याला सांगायचं ना, दादा, तू जे चावतोयस तेच तुला आडवं आलं होतं.”

“मग मी काय करू? पावाला पंख लावू?”

“वेळ बदला. पावणेसात करा. पाऊण तासाने कोणी मरत नाही.”

“ओरडतील.”

“ओरडू दे. इथे मागून हॉर्न येत नाही म्हणून येतात, तर पावासाठी पाऊण तास बसा म्हणावं. नाहीतर रस्ता खुला करा, मग पाव गरम मिळेल, पण तो खायला इथे येईल कोण?”

मॅनेजरने पुन्हा ट्रे मोजायला घेतले.

शुक्रवारची बैठक समितीच्या खोलीत झाली. सात सभासद, एक कारकून, भिंतीला टेकून बाई. अध्यक्षांनी विषय वाचला. बाई बोलावल्यावाचून पुढे आल्या आणि चार वाक्यांत सांगून मोकळ्या झाल्या. गाडी कुणाची, कुठून जायची, पट्टा स्वच्छ का दिसायचा, आणि मॅनेजरवर आळ चुकीचा.

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

“म्हणजे,” अध्यक्ष म्हणाले, “फाटक तुमचं, आणि आत जाणारे तुमचे यजमान.”

“हो.”

“कुलपाचा आकडा त्यांना कसा कळला?”

बाईंनी छताकडे पाहिलं आणि सांगितलं. यावर सगळेच हसले, कारकूनही; त्या पहाटे पाऊण तास आपण संशयित होतो हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. एका सभासदाने विचारलं, की असा भोळा माणूस राखणदार म्हणून ठेवावा का. बाई म्हणाल्या, “भोळी मी नवऱ्याच्या बाबतीत. चोर तुम्ही आणा, मग बघा.”

मतदान हात वर करून झालं. बंदी ठेवावी, यासाठी तीन हात ताबडतोब वर गेले. रस्ता खुला करावा म्हणणारे तिघे कोण, हे सर्वांना माहीत होतं. सातवा हॉटेलचा मॅनेजर. तो खुर्चीत मागे रेलून बसला होता. बाईंनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. मॅनेजरने हात वर केला तो बंदीच्या बाजूने. का, असं अध्यक्षांनी विचारलं नाही, तरी तो म्हणाला, “गाड्या आल्या तर माझ्या खोल्या कोण घेणार? रागावलो होतो, एवढंच.”

त्यानंतर समितीने तीन ठराव केले. आकड्यांचं कुलूप काढून किल्लीचं लावायचं. बाईंना लेखी ताकीद. आणि बेकरीच्या चालकाने दोन रविवार दुसऱ्या तलावाच्या वळणावरच्या चराची ढासळलेली कड हाताने भरून, दगड लावून द्यायची, राखणदाराच्या देखरेखीखाली. “म्हणजे शिक्षा नक्की कुणाला?” बाईंनी विचारलं. अध्यक्षांनी बैठक संपवली.

खोलीबाहेर यजमान व्हॅनपाशी उभे होते. “काय झालं?”

“काही नाही. रविवारी फावडं घेऊन यायचंय.”

“माझी कंबर—”

“तुमची कंबर अंधारात बरी वाकते. बसा गाडीत.”

मॅनेजरने त्याच संध्याकाळी जेवणघराबाहेरच्या फळ्यावरची वेळ पुसून नवी लिहिली. दोन पाहुण्यांनी लगेच नाराजी नोंदवली.

उद्या शनिवार. व्हॅन बेकरीतून पावणेपाचला निघेल, धरणाच्या डांबरी रस्त्याने जाईल आणि सव्वासहाला हॉटेलच्या मागच्या दाराशी पोचेल. पाव कोमट असेल. न्याहारी पावणेसातला.